शिकाऊ उमेदवार की स्वस्त मजूर?

नाशिककरांना 'अप्रेंटिस' हा शब्द आता परका राहिलेला नाही. ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला, सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती वसल्या, आणि तेव्हापासून मुलगा फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट म्हणून उमेदवारीस लागला ही वार्ता येथील कुटुंबे समाधानाने एकमेकांस सांगत आली आहेत. परंतु एखादी मुलगी कारखान्यात शिवणयंत्रावर उमेदवारीस लागली असे कोणी सांगितले, तर ऐकणाराच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा की, "म्हणजे शिवणाचा क्लास लावला म्हणा की!" लोखंड कातणारे यंत्र ते यंत्र आणि कापड शिवणारे यंत्र म्हणजे घरातील एक सामान, असा हा भेद आहे. तो आपल्या मनात इतका खोल रुजला आहे की, तो भेद आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. ज्या विद्येला समाजात मान नसतो, ती शिकवताना होणाऱ्या कसुरीकडेही कोणी डोळे उघडून पाहत नाही. आजचा आमचा विषय ही कसूर हाच आहे.

ही समजूत कोठून आली हे समजणे कठीण नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एके काळी पायाने चालणारे 'सिंगर' किंवा 'उषा' यंत्र होते. आईने किंवा आजीने ते स्वतःच हाताळून वश केले होते, आणि म्हणून शिवण ही बायकांना उपजतच येणारी गोष्ट आहे असे घरातील पुरुषांनी ठरवून टाकले. कारखान्यातील यंत्राचा स्वभाव मात्र अगदी निराळा आहे. ते विजेवर चालते आणि मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकते. पायपट्टीवर जरासा अधिक भार पडला की कापड हातून निसटते, शिवण वाकडी होते, आणि बोट सुईखाली येण्यास निमिषभराचा अवकाश पुरतो. म्हणूनच चांगल्या प्रशिक्षणशाळेत नवख्या उमेदवाराच्या हाती प्रथम कापड देतच नाहीत. यंत्रात दोरा न ओवता रेघा आखलेल्या कागदावर सुई चालवावयास लावतात. आधी सरळ रेघ, मग काटकोन, मग वळण आणि शेवटी चक्राकार रेघ. पाय आणि हात यांचा मेळ बसला की मग कापड येते. त्यानंतर दोऱ्याचा ताण, टाक्याची लांबी, कापडाच्या जाडीप्रमाणे सुईची निवड, बॉबिनची भरणी, तेलपाणी, आणि सुई मोडली तर तिचा प्रत्येक तुकडा शोधून जमा करण्याची शिस्त ही सर्व अंगे क्रमाक्रमाने शिकावी लागतात. ह्याला विद्या म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

आणि ह्या विद्येचे क्षेत्र सदऱ्या-झबल्यांपुरते मर्यादित नाही. मोटारींच्या आसनांची आवरणे, प्रवासी बॅगा, सुरक्षा पट्टे, कामगारांचे हातमोजे, रुग्णालयातील वस्त्रे ह्या सर्वांच्या कडा कोणीतरी शिवणयंत्रावरच जुळवीत असते. आपला जिल्हा तर कापड विणणारा जिल्हा आहे. मालेगावचे यंत्रमाग आणि येवल्याची पैठणी यांची ख्याती सांगावयास नको. विणलेल्या कापडाचे मोल शिवल्यानंतर वाढते, हे सोलापूरने ओळखले आणि चादरी-टॉवेलांच्या त्या शहराने गणवेश शिवण्याच्या धंद्यातही नाव मिळवले. तेव्हा नाशिकमध्ये शिवणयंत्राची उमेदवारी ही गोष्ट क्षुल्लक समजून चालणार नाही.

प्रश्न उद्भवतो तो येथून पुढे. शाळेच्या गणवेशाचा साधा सदरा घ्या. कारखान्यात तो एक माणूस शिवीत नाही. एक कॉलर जोडतो, दुसरा कफ, तिसरा खिसा, चौथा बाही, पाचवा काज करतो. अशी वीस-पंचवीस कामे ओळीने बसलेल्या वीस-पंचवीस माणसांत वाटलेली असतात. मालाचा उठाव वाढविण्यास ही पद्धत सोयीची आहे, ह्याबद्दल आमचा वाद नाही. परंतु पंचवटीतून किंवा सिडकोतून रोज बस पकडून अंबडला जाणारी एखादी उमेदवार मुलगी ह्या ओळीत पहिल्या आठवड्यात खिशापाशी बसवली गेली आणि वर्ष संपले तेव्हाही खिशापाशीच बसलेली राहिली, तर ती काय शिकली? तिला खिसा येतो, सदरा येत नाही. दुसऱ्या कारखान्यात खिशाच्या जागी माणूस नको असेल, तर तिच्या वर्षाची किंमत शून्य. हातात प्रमाणपत्र असेल, पण हातात कसब नसेल. अशा उमेदवारीला आम्ही प्रशिक्षण म्हणू शकत नाही. ती कमी वेतनावर घेतलेली मजुरी आहे, आणि तिला शिक्षणाचे नाव दिल्याने तिचे स्वरूप पालटत नाही.

कायदा ह्या बाबतीत मुका आहे असे कोणी समजू नये. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम ज्यांनी रचला, त्यांना हा धोका पुरेपूर ठाऊक होता. त्यांनी स्पष्ट शब्दांत घालून ठेवले की, उमेदवारास नगावर मोबदला देता येणार नाही आणि अधिक माल काढण्याच्या कोणत्याही बक्षीस योजनेत त्याला ओढता येणार नाही. शिवणाचा धंदा तर पिढ्यान्‌पिढ्या नगावरच चालत आलेला. त्यामुळे ह्या एका कलमाचे महत्त्व ह्या धंद्यात इतरांहून अधिक आहे. नग मोजू लागले की शिकणे थांबते. चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालण्यास लागणारी दहा मिनिटे नगाच्या हिशेबात तोट्याची ठरतात, पण शिक्षणाच्या हिशेबात तीच दहा मिनिटे खरी कमाई असते. ह्याच कायद्याने सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीवाचून उमेदवाराकडून जादा वेळ काम घेण्यास मनाई केली आहे, शिकवणारा माणूस त्या धंद्यातील जाणता असला पाहिजे असे बजावले आहे, आणि प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे.

पण त्याच कायद्याने उमेदवार हा कामगार नव्हे, तो विद्यार्थी आहे असेही म्हटले आहे. ह्या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. उमेदवार कामगार नाही म्हणून कामगाराचे वेतन व संरक्षण त्याला सर्वांशाने मिळत नाही. हा त्याग समाज त्याच्याकडून मागतो तो एकाच अटीवर, आणि ती अट ही की त्याला खरोखर शिकवले जाईल. शिकवणे वगळले तर उरतो तो नुसता त्याग. कामगाराचे काम, विद्यार्थ्याचे विद्यावेतन आणि दोघांपैकी कोणाचाच लाभ नाही, अशी ती स्थिती होते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांना नवे व्यवसाय आखण्याची मोकळीक दिली. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविले. हा आकडा वाढवून ६,८०० ते १२,३०० करावा, अशी शिफारस २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने केली. विद्यावेतन वाढावे हे आम्हांसही मान्यच आहे. परंतु पैसे वाढले आणि खिसा सुटला नाही, तर मूळ दुखणे जागच्या जागीच राहील.

मालकांची बाजू ऐकून न घेता निवाडा देणे न्यायाचे होणार नाही. ते म्हणतात, "आम्ही यंत्र अडवून, कापड वाया घालवून शिकवावे आणि शिकून तयार झालेल्या माणसाने महिन्याभरात दुसरीकडे निघून जावे, हा कोठला व्यवहार?" ही तक्रार खोटी नाही. पण तिला इतिहासाने एक मासलेवाईक उत्तर देऊन ठेवले आहे. १९७९ साली बांगला देशातील 'देश गारमेंट्स' ह्या कंपनीने आपली सुमारे १३० माणसे दक्षिण कोरियातील बुसान येथे 'देवू' कंपनीच्या कारखान्यात सहा महिने शिकावयास पाठविली. त्यांना एकेक तुकडा नव्हे, तर कारखाना चालतो कसा हे अथपासून इतिपर्यंत शिकवले गेले. मायदेशी परतल्यावर पुढील काही वर्षांत त्यांपैकी बहुतेक जण कंपनी सोडून गेले. कोणी दुसऱ्या कारखान्यात गेले, कोणी स्वतःचे कारखाने काढले. एका मालकाचे नुकसान झाले खरे, पण त्या मूठभर उमेदवारांच्या हातून जो धंदा देशभर पसरला, त्याने बांगला देशाला तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातील अग्रगण्य राष्ट्रांच्या पंक्तीस नेऊन बसविले. गेलेला उमेदवार बुडाला असे समजणारा मालक आपल्या वहीपुरते पाहतो. सर्वच मालकांनी नीट शिकवले, तर एकाकडून गेलेला दुसऱ्याकडून आलेल्याने भरून निघतो. कोणीच शिकवले नाही, तर सारेच अर्धवट माणसांवर धंदा रेटतात आणि मग कुशल हात मिळत नाहीत म्हणून सभांतून हळहळतात.

त्याच देशाने दुसरा धडाही दिला आहे आणि तो विसरणे पाप होईल. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ 'राणा प्लाझा' ही इमारत कोसळली आणि तीत शिवणयंत्रांवर बसलेल्या अकराशेहून अधिक जीवांचा अंत झाला. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले असताही त्यांना कामावर बोलावण्यात आले होते. माणसाकडे केवळ नगांच्या हिशेबाने पाहण्याची सवय जडली म्हणजे तिची परिणती कोठे होते, हे त्या ढिगाऱ्याने जगाला दाखविले. आमच्या येथे तसे काही होईल असे आम्ही म्हणत नाही, पण सवयीची सुरुवात नेहमी लहान गोष्टींतच होते. सुईचे संरक्षक कडे काढून ठेवले की हात जरा भरभर चालतो, ही त्यांतलीच एक.

मग करावे काय? नवे कायदे मागण्याचा मोह आम्ही टाळतो. आहे तो पाळला तरी पुष्कळ आहे. मालकांनी प्रत्येक उमेदवार ठरावीक आठवड्यांनी ओळीतील दुसऱ्या जागी हलवावा आणि मुदत संपण्यापूर्वी त्याच्या हातून एक संपूर्ण वस्त्र, पहिल्या शिवणीपासून शेवटच्या काजापर्यंत, करवून घ्यावे. सरकारी निरीक्षकाने भेटीच्या वेळी हजेरीपटाआधी प्रगतीची वही मागावी. वर्षभर तिच्यात एकाच कामाची नोंद आढळली, तर तेथे प्रशिक्षण झालेच नाही असे निःशंकपणे लिहावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आपल्या विद्यार्थिनी कारखान्यात गेल्यानंतर त्यांची विचारपूस चालू ठेवावी. आणि पालकांनी करारावर सही करण्यापूर्वी विद्यावेतन किती हे जरूर विचारावे, पण "तेथे माझी मुलगी काय काय शिकणार?" हा प्रश्न त्याच्याही आधी विचारावा.

ह्या नगरीला ह्या बाबतीत एक जुने नातेही आहे. न्यायमूर्ती रानडे १८७८ साली बदलून नाशिकला आले, आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी सभेत बोलण्याचा आपला पहिला धीर येथेच केला. पुढे १९०९ मध्ये त्याच रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे राहिले, आणि परिचर्येपासून शिवणकामापर्यंतची विद्या स्त्रियांच्या हाती देण्यात आली. स्त्रीने काहीतरी करून चार पैसे मिळवावेत एवढाच त्यामागील हेतू नव्हता. तिच्या हाती असे कसब असावे की, ते कोणी काढून घेऊ शकणार नाही, ही त्यामागील दृष्टी होती. आज यंत्रे बदलली, वेग वाढला, कायदे झाले, पण कसोटी तीच आहे. वर्षअखेर ती मुलगी कारखान्याच्या दारातून बाहेर पडेल, तेव्हा तिच्यासोबत एक खिसा बाहेर पडतो की एक पुरी विद्या, ह्यावरून नाशिकच्या उद्योगाची प्रतिष्ठा ठरावयाची आहे.