झाडाचे वय कोण ठरविणार?

शहरातील मिळकतीवर उभे असलेले झाड हा आजवर बांधकामाच्या नकाशातील एक अडथळा समजला जात असे. गेल्या काही वर्षांत मात्र झाडांच्या मूल्यमापनाला कायद्याचे वजन प्राप्त झाले असून, बांधकामाचा खर्च आणि परवानगीस लागणारा कालावधी यांवरही त्याचा परिणाम होऊ लागला आहे. हे मूल्यमापन कोणी करावे, याबाबत मात्र देशात अद्याप स्पष्टता नाही.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा कायदा 1975 चा. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्षाचा दर्जा देण्यात आला आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद आली. हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे सारा भार झाडाच्या वयावर येऊन पडला. वय 48 वर्षे लिहिले काय आणि 52 लिहिले काय, जागेवरचे झाड तेच राहते, कायदेशीर दर्जा मात्र बदलतो.

वय निश्चित करणे वाटते तितके सोपे नाही. सागाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट उमटतात. वड-पिंपळात ती तशी आढळत नाहीत. मग बुंध्याचा घेर मोजून अंदाज बांधला जातो. पाणी मिळालेले झाड लवकर जाडावते, फरशीत कोंडलेले वर्षानुवर्षे बारीकच राहते. शिवाय बांधकाम प्रकल्पात हा अंदाज देणारा सल्लागार सहसा विकासकानेच नेमलेला असतो. महापालिकेचा वृक्ष अधिकारी पाहणी करतो खरा, पण एका भेटीत शेकडो झाडांची तपासणी कितपत बारकाईने होणार? वास्तुरचनाकारांसाठी 1972 च्या कायद्याने परिषद आहे. झाडांची तपासणी करणाऱ्यांसाठी तशी वैधानिक नोंदणी नाही.

चांगल्या अहवालात जात, उंची आणि घेर यांपलीकडे बरेच काही असावे लागते. खोडातील ढोली, बुरशी, एका बाजूस झुकलेला भार, मुळांची स्थिती आणि झाड कोसळल्यास कोणास धोका आहे, या सर्वांची नोंद हवी. याचे गांभीर्य जुलै 2022 मध्ये चंदीगडमध्ये दिसले. तेथील एका शाळेच्या आवारातील वारसा वृक्ष म्हणून नोंदलेला पिंपळ कोसळून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. यादीत नाव असणे आणि प्रकृती तपासलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तपासणीची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. ब्रिटनमधील प्रचलित मानकानुसार बांधकामाचा आराखडा आखण्यापूर्वीच झाडांची प्रतवारी केली जाते आणि खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखले जाते. म्हणजे अर्धा मीटर व्यासाच्या खोडाभोवती 6 मीटर. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तोही झाडांचे बुंधे आधीच जखडून टाकल्यानंतर! आराखडा ठरल्यावर झाडांचा अहवाल मागविला, की 'तोडणे' आणि 'पुनर्रोपण' एवढेच दोन रकाने उरतात. त्यांपैकी दुसऱ्याची स्थिती दिल्ली सरकारनेच 2022 मध्ये उच्च न्यायालयापुढे मांडली होती. पुनर्रोपित 16,461 झाडांपैकी जेमतेम एकतृतीयांश जगली होती.

न्यायालयांची भूमिका अलीकडे कठोर झाली आहे. दिल्लीत 50 किंवा अधिक झाडे तोडण्याच्या परवानगीस केंद्रीय सक्षम समितीची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये बंधनकारक केली आणि राजधानीच्या वृक्षगणनेचे काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेकडे सोपविले. मार्च 2025 मध्ये मथुरा-वृंदावन परिसरातील खासगी जमिनीवर विनापरवाना तोडलेल्या 454 झाडांसाठी प्रत्येकी एक लाख रुपये दंड न्यायालयाने कायम ठेवला. जमीन आपली म्हणून झाडही आपले, हा समज मिळकतधारकांना महागात पडू शकतो.

झाडाची पैशातील किंमत ठरविण्याचा प्रयत्नही झाला आहे. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी जेसोर रस्त्यावरील 356 झाडे तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीने 2021 मध्ये एका झाडाचे मूल्य दरवर्षी 74,500 रुपये धरून त्यास वयाने गुणण्याची पद्धत सुचविली. या हिशेबाने शंभरी गाठलेले झाड 74 लाखांहून अधिक किमतीचे ठरते. येथेही गुणाकाराचा आधार पुन्हा वय हाच. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती 356 झाडे तोडण्याचा मार्ग मोकळा केला.