इटलीत दात दाखवताना आजार लपवू नका

आपल्या वस्त्यांमधली मुलंमुली आता शिक्षणासाठी, कामासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. इटलीला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई चटणी, लोणचं, चादर सगळं आठवणीने भरते. पण त्याला सिकलसेल आहे, हे तिकडच्या डॉक्टरला कोणत्या शब्दांत सांगायचं, हे कोणी शिकवत नाही. उलट, लग्न मोडू नये म्हणून आपण आजार झाकून ठेवायला शिकवतो. ही सवय परदेशात दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतही जिवावर बेतू शकते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दाताचा आणि सिकलसेलचा काय संबंध, असं विचाराल. दाताचा जंतुसंसर्ग, भीती, पाणी कमी पिणं, यांनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. कधी दात चांगला असतो आणि जबड्याचं हाड आजारामुळे दुखतं. डॉक्टरला माहिती नसेल तर चांगला दात उपटला जाईल.

विदर्भात हा आजार आपल्या समाजात बराच आढळतो. तसा तो इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरही पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणजे तिकडच्या डॉक्टरला तो नवा नाही. फक्त त्याचं नाव त्यांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

ही वाक्यं वहीत उतरवून घ्या:

• मला सिकलसेल आहे : ओ लानेमिया फाल्चीफॉर्मे.
• मला मधुमेह आहे : ओ इल दिआबेते.
• माझा रक्तदाब जास्त असतो : ओ ला प्रेस्सिओने आल्ता.
• मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो/घेते : प्रेन्दो उन आन्तिकोआगुलान्ते.
• माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे : ओ उना वाल्वोला कार्दिआका आर्तिफिचाले.
• मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे : सोनो आल्लेर्जिको आल्ला पेनिचिल्लीना. (बाईने ‘आल्लेर्जिका’ म्हणावं.)
• मी गरोदर आहे : सोनो इन्चिन्ता.
• मला समजलं नाही : नोन ओ कापीतो.

पेनिसिलिनचं वाक्य तर पाठच करा. दातासाठी नेहमी दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं औषध आहे. कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र दात काढायचा म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

काहीजण म्हणतील, मोबाईल भाषांतर करून देतो की! देतो. पण गाल सुजलेला, तोंड उघडत नाही, अशा वेळी कोण टाईप करत बसणार? आणि जी गोष्ट सांगायचीच नाही असं मनाने ठरवलंय, ती मोबाईल कशी सांगणार?

इटलीत दाताचा दवाखाना बहुतेक खासगीच असतो. तपासणीआधी जुन्या आजारांची माहिती विचारतात, तिला ‘आनाम्नेझी’ म्हणतात. तो कागद घाईघाईत ‘नाही, नाही’ लिहून परत देऊ नका. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कायद्याने बंधन आहे. तुमचा आजार तिथून गावी कळणार नाही. आणि 2017 च्या 219 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे, समजेल अशा भाषेत माहिती मिळाल्यावर संमती देणं किंवा नाकारणं हा रुग्णाचा हक्क आहे. म्हणून समजलं नाही तर ‘नोन ओ कापीतो’ म्हणायला लाजू नका. न समजता सही करू नका.

मुलं निघण्याआधी एक कार्ड बनवा. त्यावर आजाराचं नाव, गोळ्यांची नावं, ॲलर्जी आणि रक्तगट इटालियन व इंग्रजीत लिहा. ते पासपोर्टसोबत ठेवा. आणि आजपासून घरात आजाराचं नाव मोठ्याने घ्या. जे मूल घरात न लाजता बोलतं, तेच परक्या देशात डॉक्टरसमोर तोंड उघडतं.