परदेशीं बिऱ्हाड हलवितांना

समुद्रगमन कलिवर्ज्य मानून परत आलेल्यास प्रायश्चित्त देण्याचे दिवस केव्हांच गेले. आमच्या बदनापुरासारख्या लहान गांवींहि आतां मुलगा, पुतण्या किंवा जांवई परमुलखांत असलेलीं घरें दिसूं लागलीं आहेत. पूर्वीं एकटा विद्यार्थी जाई आणि शिकून परत येई; आतां बायकामुलांसह सगळें बिऱ्हाडच हलतें. अशा वेळीं तयारी म्हटली कीं घरांत पहिली आठवण होते ती मेतकुटाची, भाजणीची आणि लोणच्याच्या बरणीची. त्यांत माया आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पेटी भरण्यास शेवटचे आठ दिवस पुरतात. त्यापूर्वींचें निदान एक वर्ष कागदपत्रांस व मागें राहणाऱ्या माणसांस दिलें पाहिजे. आणि नेमकीं हींच दोन कामें सर्वांत शेवटीं आठवतात.

या बाबतींत डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघालेल्या या अठरा वर्षांच्या स्त्रीचें धाडस सर्वांस ठाऊक असतें. त्यांच्या तयारीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. न्यू जर्सीमधील रोसेल येथील कार्पेंटरबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार १८८० सालींच सुरू झाला होता. ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्क येथें उतरल्या तेव्हां परक्या देशांत एक घर आधींच त्यांचें झालेलें होतें. जें उणें राहिलें तेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. फिलाडेल्फियाच्या थंडींत त्यांची प्रकृति ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. आजहि तिकीट काढण्यापूर्वीं त्या शहरांतील एका तरी घराशीं ओळख करून घ्यावी व तेथील हिवाळ्याची विचारपूस करावी. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून, तर उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. अशा ठिकाणीं एक पत्र टाकण्यास संकोच कसला?

आतां कागदांकडे वळूं. मराठवाड्यांतील घरांस येथें एक खास अडचण आहे, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों. बदनापुरांत एकाच वाड्यांत जन्मलेल्या तीन पिढ्या घ्या. आजोबा १९४८ पूर्वींचे, म्हणजे हैदराबाद संस्थानांतले. वडील १९७० सालचे. त्यांच्या दाखल्यावर जिल्हा औरंगाबाद. मुलगा १ मे १९८१ नंतरचा, म्हणून जिल्हा जालना. पदवी मराठवाडा विद्यापीठाची असेल तर जानेवारी १९९४ पूर्वीं त्याचें नांव एक, नामविस्तारानंतर दुसरें. आणि २०२३ पासून औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालेलें. वाडा जागचा हलला नाहीं, पत्ता मात्र दर पिढीस बदलला. आपणांस हें उमगतें; ओटावा किंवा कॅनबेरा येथें बसलेल्या कारकुनास कसें उमगावें? त्याच्या दृष्टीनें बाप एका जिल्ह्यांतला व मुलगा दुसऱ्या. म्हणून कोणतें नांव कोणत्या तारखेस बदललें याचा एक स्वच्छ तक्ता करून, शासकीय अधिसूचनांच्या प्रतींसह, अर्जास जोडावा. निजामी अमदानींतील कित्येक कागद उर्दूंत आहेत. त्यांचें इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून ठेवावें. तें वाचणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत.

गांवापेक्षां माणसांच्या नांवांचा घोळ मोठा. आमचा एक जुना विद्यार्थी आतां मेलबर्न येथें सहकुटुंब राहतो. त्याच्या पत्नीचें नांव पदवीपत्रावर माहेरचें, पासपोर्टावर सासरचें, आणि आधारपत्रावर क्रम उलटा व इंग्रजी स्पेलिंगांत एक अक्षर अधिक! या तिन्ही स्त्रिया एकच, हें सिद्ध करणारा कागद म्हणजे विवाहनोंदणीचें प्रमाणपत्र. लग्न २००९ सालीं यथासांग झालें होतें; मंगलाष्टकें झालीं, पंक्ति उठल्या, नोंदणी मात्र राहिली. महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्यानें ती आवश्यक आहे, हें कोणाच्या गांवींहि नव्हतें. नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या व लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. साक्षीदार मिळाले, गुरुजी कैलासवासी झालेले. प्रतिज्ञापत्रें करण्यांत दोन महिने गेले. ऑस्ट्रेलियांत शाळा जानेवारीअखेर सुरू होते. हें बिऱ्हाड मार्चांत पोंचलें, आणि मुलें भरल्या वर्गांत उपरीं म्हणून जाऊन बसलीं. मुलांचा पासपोर्ट पांचच वर्षें चालतो, हेंहि येथें नमूद करून ठेवतों. भारत २००५ पासून हेग येथील कराराचा सभासद असल्यानें त्या करारांतील देशांसाठीं परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' शिक्का पुरतो. कॅनडाहि ११ जानेवारी २०२४ पासून त्यांत आला आहे. इतर देशांसाठीं वकिलातीची पायरी चढावी लागते.

सुनेच्या पदवीविषयीं दोन शब्द अधिक. मुलाच्या नोकरीचा तपशील घरांत सर्वांस तोंडपाठ असतो. सुनेस तेथें काम करतां येईल कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत एच-१बी व्हिसावर गेलेल्याच्या पत्नीस एच-४ मिळतो, आणि त्यावर नोकरीची मुभा, २०१५ सालच्या नियमानें, पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज बराच पुढें गेलेल्यांपुरतीच आहे. शिकलेली, मिळवती मुलगी तेथें वर्षानुवर्षें चार भिंतींत बसते, आणि इकडे आपण सून अमेरिकेंत असल्याचें सांगत असतों. हा नियम तिला आधीं वाचावयास द्यावा, मग तिचें मत विचारावें, आणि तें नकारार्थी आल्यास निमूटपणें ऐकावें.

जमिनीचें थोडक्यांत. वडिलांमागें सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली नसेल तर ती निघण्यापूर्वींच करावी. अनिवासी झालेल्यास शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारसानें आलेली ठेवतां येते. भावाच्या नांवें मुखत्यारपत्र करावयाचें तर तें येथेंच नोंदवून जावें. परदेशांत केलेलें असेल तर तेथील भारतीय वकिलातीपुढें साक्षांकित करून, येथें आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. बँकेंतील साधें बचत खातेंहि अनिवासी खात्यांत बदलून घ्यावें.

मागें राहणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत अवघड. "थोडें स्थिरस्थावर झालें कीं तुलाहि नेतों," असें मुलगा आईस सहज सांगतो. अमेरिकेंत आईबापांसाठीं अर्ज करण्यास मुलगा तेथील नागरिक व्हावा लागतो. ब्रिटननें २०१२ पासून हा दरवाजा जवळजवळ लावून घेतला आहे. कॅनडाच्या 'सुपर व्हिसा'वर एका खेपेस पांच वर्षांपर्यंत राहतां येतें, पण आरोग्यविमा पदरचा. नियम पाहिल्याविना असें वचन देणें आम्हांस गैर वाटतें. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या मातोश्रींच्या बँकखात्यास व गॅसच्या नोंदणीस मुलाचाच मोबाइल जोडलेला होता. मुलगा गेला, नंबर बंद झाला, आणि घरांत सिलिंडर संपलें तेव्हां ही गोष्ट उघडकीस आली! नंबर धाकट्या मुलाच्या नांवें झाला. पण त्या एकदां आमच्याकडे म्हणाल्या, "गुरुजी, पोरानें सगळ्यांचें सगळें विचारलें, मी कुठं राहणार आणि कुणाजवळ, तेवढं विचारायचं राहिलं." दवाखान्यांत सोबत कोण जाईल, सही कोण करील, निवृत्तिवेतन असल्यास नोव्हेंबरांतील हयातीचा दाखला कोण देववील, हें आईच्या समक्ष, आणि तिचा शब्द शेवटचा मानून, ठरवावें.

आतां पेटी. आमच्या येथील कृषि संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ तुरीची डाळ नेण्याचा मोह आम्ही समजूं शकतों. परंतु ऑस्ट्रेलियांत प्रत्येक खाद्यवस्तु उतरतांना जाहीर करावी लागते, लपविल्यास जबर दंड होतो. तुळशीचें बीं तर नेऊंच नये. दुबईस किंवा सिंगापुरास जाणाऱ्यांच्या फराळांत अनारसे घालूं नयेत. तेथें खसखस अंमली पदार्थांत मोडते, आणि प्रेमळ आजीच्या डब्यापायीं नातू चौकशींत सांपडावयाचा. अमेरिकेंत वीज १२० व्होल्टची, तेथें येथला मिक्सर चालत नाहीं. औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीं, चष्मे दोन न्यावेत.

पंचांग मात्र येथलें नेऊन उपयोग नाहीं. तिथि ही सूर्यचंद्रांच्या अंतरावर ठरते, आणि तेथला सूर्योदय वेगळा. अमेरिकेंत तर कित्येकदां एका दिवसाचा फरक पडतो. त्या त्या गांवचें पंचांग मिळतें, तें घ्यावें. वडिलांचें श्राद्ध कोणत्या घरीं व्हावयाचें हेंहि भावांनीं निघण्यापूर्वींच बोलून घ्यावें. या मेलबर्नच्या घरीं तें बोलणें राहिलें होतें. पहिल्या वर्षीं दोघांनींहि केलें, आतां धाकटा येथें करतो आणि थोरला त्या दिवशीं सकाळीं आईस फोन करतो.