बेशरम: कट म्हणजेच पेस्ट

पंचगंगेत केंदाळ साचलं की पेपरात फोटो येतो, निवेदनं दिली जातात, मशीन आणायची चर्चा होते. काठावरच्या बेशरमाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. कारण काय, तर हिरवंगार झुडूप, वर फिकट गुलाबी-जांभळी फुलं. फोटोच्या बॅकग्राउंडला बरं दिसतं की! :)

शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया, मूळ गाव दक्षिण अमेरिका. शोभेचं आणि कुंपणाचं झाड म्हणून आपल्याकडे आलं आणि ओढे, कालवे, नदीकाठ पकडून बसलं. ओळखायला सोपं आहे. पान बदामाच्या आकाराचं, टोक लांब निमुळतं. फूल नरसाळ्यासारखं. खोड मोडलं तर आत पोकळ, आणि पांढरा चीक येतो. पान रताळ्याच्या वेलाची आठवण करून देतं, कारण कूळच ते.

इथेच खरी गोम आहे. रताळं कसं लावतात? वेलाचे तुकडे करून. बेशरमाचंही तेच. खोडाचा तुकडा ओल्या मातीला टेकला की मुळं फुटतात. म्हणून एखाद्या रविवारी श्रमदान करायचं, कोयत्याने सपासप तोडायचं आणि फांद्या तिथंच काठावर टाकून घरी जायचं, याला माझा साफ विरोध आहे. कॉम्प्युटरवर कट वेगळं आणि पेस्ट वेगळं. इथे कट केलं की पेस्ट आपोआप. बुंधा फुटतो तो वेगळाच.

त्यात कुरुंदवाडची जागा अशी, की कोल्हापूर-इचलकरंजीकडून पंचगंगा येते, सांगलीकडून कृष्णा, आणि दोघींचा मर्ज कुरुंदवाड-नरसोबावाडीच्या मध्ये. वर कुठेही फेकलेला तुकडा इथे येऊन रुजू शकतो. २००५, २०१९, २०२१ सारखा महापूर म्हणजे तर फुकटची कुरिअर सर्व्हिस. पुढे राजापूर बंधाऱ्यावरून माल थेट कर्नाटकात.

शेळ्या सोडा, असं कुणीतरी सुचवतंच. नको. पाला विषारी आहे. एरवी जनावरं तोंड लावत नाहीत, पण चारा नसला की खातात, आणि शेळ्यांना तर नंतर त्याची चटक लागते. मज्जासंस्था बिघडते, चालताना झोकांड्या जातात. तणनाशकही नको, खालची गावं याच पाण्यावर जगतात.

मग काय? एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलेलं असतं, तेव्हा मुळासकट उपटायचं. कुदळ लागते, वेळ लागतो. उपटलेलं सगळं काठापासून लांब, कोरड्या जागी कडकडीत वाळवायचं. एकदम सगळा काठ बोडका करायचा नाही, पावसात माती जाईल. थोडा भाग साफ करा, तिथे निर्गुडी, करंज, वाळुंज लावा, मग पुढचा. उपटताना निर्गुडीच तोडू नका म्हणजे झालं! पावसाळ्यानंतर आणि पुढच्या वर्षी परत फेरी, कारण मातीत राहिलेले तुकडे डोकं वर काढणारच.

आणि हो, ज्यांच्या मळ्याला बेशरमाचंच कुंपण आहे त्यांच्याशी आधी बोलावं लागेल. फुकट उगवतं, खत-पाणी लागत नाही, गुरं खात नाहीत. असं कुंपण काढा म्हणून सांगायला जाणं कुदळ मारण्यापेक्षा अवघड आहे. त्यांना बदल्यात सागरगोट्याची किंवा निवडुंगाची रोपं तरी द्यायला हवीत.