संकेतस्थळांचे ओझे कोणाच्या माथी?

माहिती जनतेला खुली केली, असे शासन सांगते तेव्हा ती नेमक्या कोणत्या जनतेला, हे विचारणे भाग आहे. सावित्रीकाठच्या दासगावात हा प्रश्न अधिकच बोचतो. जुलै २००५ मध्ये या गावावर आणि महाड तालुक्यातील जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक माणसे दगावली. पावसाचे इशारे, मदतीचे शासननिर्णय हे सारे आता संकेतस्थळांवर मांडले जाते. मांडणारा शहरातील वेगवान जोडणीवर बसलेला असतो. वाचणारा डोंगराच्या आडोशाला, पावसात वीज गेल्यावर जो एखादा मनोरा चालू राहिला त्याच्यावर साऱ्या गावासह विसंबून.

हिशेब करून पाहावा. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. रोमन अक्षराला एकच पुरतो. (मराठीला येथेही तिप्पट भाडे!) तरीही हजार चिन्हांचा इशारा होतो अवघा ३ हजार बाइटांचा. सेकंदाला १०० किलोबिटांच्या मंद जोडणीवर तो पाव सेकंदात पोचतो. दोन एमबीच्या पानाला, आणि आजची पाने सर्रास याहून जड असतात, अडीच मिनिटांहून अधिक लागतात. इशारा तोच, फुगलेले असते ते त्याचे वेष्टन.

मजकूर आकुंचित करणारे जीझिप १९९२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. पुन्हा पुन्हा येणारे अक्षरसमूह ते एकदाच लिहिते आणि पुढे त्यांचा केवळ निर्देश करते. देवनागरीच्या बाइटांत पुनरावृत्ती विपुल असल्याने मराठी मजकूर चांगलाच दबतो. सर्व्हरवर थोडी मांडणी बदलली की काम होते. छायाचित्रांना मात्र ही मात्रा लागू पडत नाही, कारण ती आधीच दाबलेली असतात. ती फोनच्या पडद्याएवढी लहान करावी लागतात. मंत्रिमहोदयांचे सुहास्य छायाचित्र तर लहानही करू नये, काढूनच टाकावे.

मग हे होत का नाही? ज्याच्या निष्काळजीपणाचा खर्च दुसऱ्याच्या डेटापॅकमधून वळता होतो, त्याला काटकसर सुचत नाही. अर्थशास्त्रातील हा जुनाच धडा आहे.

बाजार हे काम करील, असे म्हणणाऱ्यांनी गूगलच्या वेब लाइटचा इतिहास पाहावा. मंद जोडणीसाठी पाने हलकी करून देणारी ही सेवा २०१५ मध्ये आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. कंपनीचे दान कंपनीच्या मर्जीपुरतेच टिकते.

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी मार्च १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. दासगावचे रा. बा. मोरे त्याच्या संघटकांपैकी एक होते. त्या अन्यायाची बरोबरी येथे कोणी करू नये. पण कागदावर खुले आणि व्यवहारात बंद, ही शासनाची रीत या तालुक्याला नवी नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. शासकीय संकेतस्थळाच्या प्रत्येक निविदेत पानाच्या वजनाची कमाल मर्यादा असावी, आणि दासगावसारख्या ठिकाणी भर पावसाळ्यात ते उघडून दाखविल्यावाचून कंत्राटदाराचे देयक मंजूर होऊ नये. चार ओळींचे पत्रक चित्र करून गावोगाव धाडणाऱ्या पुरोगामी संघटनांनीही हा नियम स्वतःला लावून घ्यावा.