जमिनीची ओल आणि कामातली कसर



पावसाळा सरला की आपल्या धर्मग्रामातल्या घराघरांतून तीच ती तक्रार कानी येते. खालच्या पोत्यातला गहू सादळला, डाळीला कुबट वास येऊ लागला, पोत्याच्या बुडाला बुरशी धरली. दोष पावसाला दिला जातो, नाहीतर व्यापाऱ्याने दिलेल्या पोत्यांना. ओल छपरातून येते तशी ती जमिनीतूनही वर चढते, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणून अलीकडे पुष्कळांनी कोब्याखाली प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. तरीही धान्य सादळते. आमच्या मते याचे कारण कागदात नसून तो घालण्याच्या कामात आहे, आणि त्या कामाला आपण फारच कमी किंमत देतो.

आमचाच अनुभव सांगतो. कोटरा सुल्तानाबादेतल्या आमच्या घराची मागची खोली धान्यासाठी आहे; सीहोरकडच्या शेतातला गहू तिथेच राहतो. खोलीची जमीन नवी करायची ठरली तेव्हा चांगला जाड कागद आणला आणि गवंड्याला काम उक्ते दिले. त्याने दगडगोट्यांच्या भरावावर कागद सरळ अंथरला. दोन तुकडे होते, त्यांच्या कडा एकमेकींना जेमतेम टेकल्या. भिंतीपाशी कागद कापून टाकला. त्यावरून मजूर घमेली घेऊन दिवसभर येत-जात होते. वरून कोबा झाला आणि खोली दिसायला आरशासारखी झाली. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात खोलीच्या मधोमध एक काळपट पट्टा उमटला, बरोबर जिथे जोड होता तिथे, आणि भिंतीच्या कडेने पांढरा खार फुटला. बियाण्यासाठी राखलेला गहू त्या पट्ट्यावरच होता. पेरला तो निम्मादेखील उगवला नाही. ती पेरणी आम्हाला दुसऱ्याच्या बियाण्यावर करावी लागली. गवंड्याला बोल लावण्याआधी आमची चूक कबूल केली पाहिजे: कागद घातला त्या दिवशी आम्ही शेतावर होतो.

भोपाळभोवतीची बरीच जमीन काळी आहे. वर्षाचा सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावरच जमीन केली तर कोबा वरखाली हलतो, तडकतो, आणि त्याच्याबरोबर कागदही फाटतो. शिवाय दिव्याची वात जसे तेल वर ओढते तसे मातीच्या बारीक रंध्रांतून पाणी वर चढते. म्हणून आधी काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मसाने चांगला ठोकावा. त्यावर खडीचा थर द्यावा. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांमुळे पाण्याची चढण तुटते. खडीवर बारीक वाळू पसरावी, म्हणजे कागदाला टोचणार नाही. मगच कागद. जोडाच्या जागी एक तुकडा दुसऱ्यावर निदान अर्धा फूट चढवावा, पृष्ठभाग कोरडा व धूळरहित करून पट्टीने चिकटवावा. धुळीवर लावलेली पट्टी म्हणजे न लावलेलीच. भिंतीपाशी कागद वर वळवून जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थराला, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, भिडवावा. नळासाठी भोक पाडले असेल तर त्याभोवतीही बंदोबस्त हवा. अंगणाचा उतार घराकडे असेल तर मात्र हे सारे करूनही पन्हळीचे पाणी जोत्याशीच साचेल. तो आधी फिरवावा.

काही वडीलधारी मंडळी विचारतील, आमच्या आईच्या घरी शेणाने सारवलेली जमीन होती, तेव्हा कुठे होते प्लास्टिक? प्रश्न रास्त आहे. सारवलेल्या जमिनीतून वर आलेली ओल सगळीकडून सारखी उडून जाई, आणि कणगी पाट्यांवर किंवा दगडांवर उंच असे. कोबा आणि कागद यांनी ती वाट बंद होते. एकाच फटीतून आलेली ओल मग त्या फटीवर ठेवलेल्या पोत्यात जाऊन बसते. अर्धवट बंद केलेली जमीन काही वेळा उघड्या जमिनीपेक्षा वाईट ठरते, ती अशी.

जुन्या लोकांना कामाची पारख होती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. तिथली मातीच अशी की पाणी आत झिरपत नसे, पण मातीवर भिस्त ठेवून कोणी स्वस्थ बसत नसे. आत काडाचे व चटयांचे अस्तर, तोंडावर मातीचा घट्ट थर. पेव उघडल्यावर तोंड काही तास मोकळे ठेवून मगच माणूस आत उतरे, कारण आतली हवा जीव घेऊ शकते. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची पुसा कोठी हाही याच विद्येचा नमुना. कच्च्या विटांच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये ७०० गेजचा पॉलिथिनचा कागद, मच्छरदाणीच्या आकाराचा. सांधे गरम इस्त्रीने जोडायचे. उंदरांसाठी बाहेरच्या भिंतीचा खालचा भाग पक्क्या विटांचा. कोठी स्वस्त आहे, पण एक सांधा सुटला की ती साधी मातीची कोठी होते, आणि हे बाहेरून कळत नाही.

अमेरिकेत लाकडी घरांच्या तळाशी माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी असते. तीही जाड प्लास्टिकने बंद करतात. तिथेही बिघाड होतो तो बहुधा सैल जोडांत आणि आधी पाण्याचा निचरा न केल्याने.

या गोष्टीला आम्ही आरोग्याच्या पानावर जागा का दिली? १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत, आपल्या झाबुआच्या शेजारीच, बुरशी धरलेला मका खाऊन ३९७ लोक आजारी पडले आणि त्यांतले १०६ दगावले. कणसे तयार असताना अवकाळी पाऊस झाला होता आणि साठवणही धड नव्हती. त्या बुरशीचे विष यकृतावर जाते आणि भाकरी भाजल्याने ते नष्ट होत नाही. तेव्हा बुरसलेले धान्य धुऊन, वाळवून, दळणात मिसळून संपवणाऱ्या भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. जनावरांनाही घालू नये. आणि जमीन कितीही चांगली केली तरी ओला गहू तिच्यावर वाळत नाही. दाताखाली कडकन मोडेपर्यंत उन्हे दाखवूनच तो आत न्यावा.

राहिला पैशाचा प्रश्न. कागदाच्या दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, तो घालणाऱ्याला मात्र उक्ते काम देऊन मोकळे होतो. उक्त्यात माणूस घाई करणारच, त्यात त्याचा दोष नाही. कोबा खुशाल उक्ता द्यावा. कागदाचा एक दिवस तेवढा रोजंदारीवर करावा आणि घरातल्या कोणीतरी तिथे बसून राहावे. कोबा टाकण्यापूर्वी प्रत्येक जोड हाताने चाचपावा. मजुरांच्या जाण्यायेण्यासाठी फळ्या टाकाव्यात. एवढे केल्यास गवंडीही राग मानत नाही, असा आमचा दुसऱ्या खेपेचा अनुभव आहे.

जुनी जमीन कशी आहे हे पाहायचे असेल तर हातभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारी कडा पट्टीने घट्ट चिकटवावा आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी त्याच्या खालच्या अंगाला दव दिसले किंवा कोब्याचा रंग गडद झाला, तर ओल खालून येते आहे. तोडफोड उन्हाळ्यात करता येईल; तोवर पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी पाटांवर ठेवावीत.