परतायला गाव असलेली माणसे

माझी भाची जॉर्डनमध्ये, अम्मानला राहते. नवरा तिथल्या एका कंपनीत हिशेबनीस. दोन मुले, दोन खोल्यांचा फ्लॅट, महिनाअखेरीस गावी पैसे. परदेशातल्या आपल्या कुटुंबांचे असते तसेच सारे. फरक एवढाच की दर शनिवारी ती जेरशच्या पॅलेस्टिनी छावणीत जाऊन मुलींना शिवणकाम शिकवते.

मागच्या ईदला ती म्हसा गावी आली तेव्हा यावरून घरात खडाजंगी झाली. "स्वतःची मुले घरी ठेवून परक्यांच्या मुली कशाला?" बाजी म्हणाली. "सदका दे, पण जाऊ नकोस," असे मी म्हणालो. भाचीने एकच विचारले, "मामू, १९९० साली तुम्हाला भाकरी कोणी दिली होती?"

ही गोष्ट मीच तिला सांगितली होती. आम्ही कुवेतला होतो. २ ऑगस्टला इराकी फौज शिरली. बसने इराकमार्गे वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या हद्दीवर पोहोचलो, तेव्हा अम्मीजवळ रिकामी बाटली उरली होती. तंबूत पाणी आणि खुब्ज घेऊन आलेली बाई पॅलेस्टिनी होती. पुढे अम्मानहून एअर इंडियाने ४८८ उड्डाणांत लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. आम्ही मुरबाडला उतरलो तेव्हा भात हिरवेगार होते, घराला कुलूप होते आणि चावी चुलत्यांकडे होती. कुवेतमधल्या आमच्या पॅलेस्टिनी शेजाऱ्यांनाही देश सोडावा लागला. पण त्यांच्या चावीला दार नव्हते.

जेरशची छावणी १९६८ सालची. १९६७च्या युद्धानंतर गाझातून आलेले लोक तिथे वसले, म्हणून तिला 'गाझा कॅम्प' म्हणतात. वेस्ट बँकेतल्यांना जॉर्डनचे नागरिकत्व आधीच मिळालेले होते. गाझा मात्र इजिप्तच्या ताब्यात होता, त्यामुळे तिथून आलेल्या बहुतेकांना ते मिळाले नाही. आज तिसरी-चौथी पिढीही तात्पुरत्या पासपोर्टवर आहे. सरकारी नोकरीचे दार बंद. अशा मुलीच्या हाती शिवणयंत्र येणे म्हणजे काय, हे मोबाइलवर स्टेटस ठेवून कळत नाही.

आपल्याकडे पॅलेस्टाईन म्हटले की दोन घोषणा होतात. एक, हा फक्त मुसलमानांचा प्रश्न. दुसरी, आपला काय संबंध? दोन्ही खोट्या आहेत. १३ मे २०२४ रोजी रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर हल्ला झाला आणि त्यात पुण्याचे निवृत्त कर्नल वैभव काळे मारले गेले. तिथल्या सुरक्षा विभागात ते काम करत होते. उम्मतचा हिशेब मांडून ते गेले नव्हते.

मात्र सेवेच्या नावाखाली मिरवणेही नको. भाचीने पहिले तीन महिने फक्त झाडलोट केली आणि अरबी शिकली. मुलींचे फोटो ती काढत नाही. "त्यांना मोठी देणगी देणारा पाहुणा नको असतो मामू, शनिवारी येते म्हणून शनिवारी येणारी बाई हवी असते," हे तिचे म्हणणे मला पटले.

"आधी आपल्या कातकरी वाडीत जा," असे एकजण मला म्हणाले. सवाल रास्त आहे. पण विचारणारे तिथे गेलेले नाहीत आणि इतकी वर्षे मीही नाही. वाडी घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. वीटभट्टीच्या हंगामात तिथली मुले आईबापाबरोबर निघून जातात, परत येतात तेव्हा शाळेत मागे पडलेली असतात.

सदका देऊन मोकळे होणे सोपे असते, वेळ देणे कठीण. शेजाऱ्याचा हक्क पैशाने पुरता फिटत नाही. बाजी आता शनिवारी अम्मानला व्हिडिओ कॉल करून नातवंडांना गोष्टी सांगते, म्हणजे भाचीला निघता येते. मी गणिताचे पुस्तक घेऊन वाडीवर जायला लागलो आहे. दोनच रविवार झालेत. तिसऱ्यालाही गेलो तर खरे.